सुरगाठ

माझ्या सदऱ्याच्या उजव्या खिशात हातभर लांबीचा एक दोर असतो. सौ.ची त्यावर जुनी नाराजी आहे. "लोकांच्या घरी धुण्यात विसरलेल्या नोटा सापडतात, आमच्या घरी सुतळी सापडते," असे ती शेजारणींना सांगते, आणि शेजारणी माझ्याकडे दयेने पाहतात. मोहोळ स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहत बसलो की इतर माणसे खिशातून मोबाइल काढतात; मी दोर काढतो. बाकाच्या दांडीला एक गाठ मारावी, सोडावी, दुसरी मारावी, पुन्हा सोडावी. गाडी किती उशिरा आली याचा मला पत्ताही लागत नाही. एकदा शेजारी बसलेल्या एका फेटेवाल्या गृहस्थांनी हा उद्योग बराच वेळ न्याहाळला आणि मग अगदी कळवळ्याने विचारले, "म्हैस हरवली काय हो, पाव्हणं?"

मी नाही म्हटले. पण पुढे काय सांगावे ते मला सुचेना. छंद म्हणावा, तर तिकिटे किंवा नाणी जमवण्यासारखे दाखवण्याजोगे त्यात काही नाही. इंग्रजीत अलीकडे याला बुशक्राफ्ट म्हणतात, असे माझ्या पुण्याच्या मुलाकडून कळले. रानावनात थोड्या साधनांनिशी सुखरूप राहण्याची विद्या. त्याच्याकडे तिचा सगळा सरंजाम आहे. घडीचा चाकू आहे, ठिणग्या पाडणारी धातूची कांडी आहे, पन्नास कप्प्यांची पिशवी आहे. वर्षातून दोनदा तो मित्रांबरोबर सह्याद्रीत जातो आणि परत आल्यावर चार दिवस त्याचे अंग दुखते. मी त्याला म्हटले, "अरे, हे मी रोज करतो." तो हसून म्हणाला, "बाबा, मोहोळला कुठलं आलंय जंगल?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. आमच्याकडे जंगल नाही. काळी जमीन, बांधावर बाभळ आणि लिंब, ओढ्याला हिवर, माळाला तरवड. उन्हाळ्यात तर नजर फेकली की ती थेट क्षितिजावर जाऊन आपटते. पण त्याला एक गोष्ट ठाऊक नाही. तो पुण्यात वाढला. त्याला 'रान' म्हटले की जंगल आठवते. आमच्या सोलापूरकडे 'रान' म्हणजे शेत. "रानात गेलेत" म्हणजे शेतावर गेलेत. "रान हलकं हाय" म्हणजे जमीन हलकी आहे. तेव्हा रानातली विद्या शिकायला आम्हाला कोठे जावे लागत नाही. ती दाराशीच आहे; पाहायला सवड हवी, एवढेच.

आणि सवडीच्या बाबतीत माझा एक नियम आहे. या विद्येसाठी वेगळा वेळ म्हणून काढायचा नाही. जो वेळ काढावा लागतो तो चार दिवस निघतो, पाचव्या दिवशी पाहुणे येतात. त्यापेक्षा जे आपण रोज करतोच, त्याच्या फटीत ती बसवावी.

सकाळी चहाआधी मी अंगणात रोवलेल्या काठीची सावली पाहतो. सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा, चहा पिऊन आल्यावर टोक सरकलेले असते, तेथे दुसरा खडा. दोन्ही खड्यांतून रेघ ओढली की ती साधारण पूर्व-पश्चिम असते. वर्षभर हे केले म्हणजे सूर्य उत्तरेकडे कसा सरकतो आणि परत कसा फिरतो, ते पुस्तकाशिवाय कळते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी भर दुपारी काठीची सावली नाहीशीच होते. सूर्य बरोबर मोहोळच्या डोक्यावर आलेला असतो. ऑगस्टच्या सुरुवातीस तो परतीच्या वाटेवर पुन्हा डोक्यावर येतो. पण तेव्हा आभाळाची मेहेरबानी लागते.

संध्याकाळी पंढरपूर रस्त्याने फिरायला जातो तेव्हा हात लांब करून मावळत्या सूर्याखाली मूठ धरतो. लांब केलेल्या हाताची मूठ आकाशाचा सुमारे दहा अंशांचा तुकडा झाकते, आणि सूर्य तासाला पंधरा अंश चालतो. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये एक मूठ बसली की मावळायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे उरली. घड्याळाशी ताडून पाहिले आहे. फार चूक होत नाही. रात्री गच्चीवर तीच मूठ उत्तरेला धरतो. जेथून पाहावे त्या गावाचा जितका अक्षांश, तितका ध्रुव वर, हे भूगोलात शिकलो होतो. मोहोळचा अक्षांश अठराला थोडा कमी. म्हणून आमचा ध्रुव दोन मुठींच्या जरा आत सापडतो. शाळेत ज्याचा मार्क मिळाला होता, ते साठीनंतर डोळ्यांना दिसले.

विस्तवाचे तसेच. आमच्या परसात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब अजून आहे. गॅस घरात आल्यावर सौ. तो मोडीत काढायला निघाली होती. मी रविवारपुरता तो मागून घेतला. अट अशी की काडी एकच ओढायची. एक काडी आणि विस्तव! ऐकायला सोपे आहे. श्रावणात करून पाहावे. तुरीच्या काड्या भुरकन पेटतात आणि तितक्याच चटकन विझतात. जोंधळ्याची धसकटे मधल्या वेळेची. बाभळीचे लाकूड पेटायला रुसते, पण एकदा पेटले की निखारा तासन् तास धरते. शेणी धुमसत राहतात, आणि म्हणूनच हुरड्याच्या आगटीला शेणीच लागतात. कणीस भाजले पाहिजे, जळता कामा नये. ज्या मोहोळच्या शेती संशोधन केंद्राने स्थानिक ज्वारीतून मालदांडी ३५-१ हे वाण निवडून साऱ्या महाराष्ट्राला भाकरी दिली, त्या गावच्या माणसाला आगटी पेटवता येऊ नये, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

माझ्या आज्याकडे तर काडीपेटीही नसे. त्याच्या चंचीत पान-तंबाखूबरोबर पोलादाचा एक तुकडा, एक गारगोटी आणि थोडा कापूस असे. गारगोटी आमच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतच तयार होते. नांगरटीनंतर रानात हव्या तेवढ्या सापडतात. तिच्या धारेवर पोलाद घासले की पोलादाचाच अतिसूक्ष्म कीस निघतो आणि हवेत पेटतो, ती ठिणगी. लोक समजतात ठिणगी दगडातून निघते! आजा ती कापसावर धरून फुंकर घाली, आणि विडी पेटवून झाली की चिमटीने कापूस विझवून उरलेला जपून ठेवी. मी ते करायला शिकलो तेव्हा पहिल्या महिन्यात माझी बोटे सोलली, पण विडी काही पेटली नाही. एका परीने ते बरेच झाले.

पहिल्या पावसानंतर बांधावरची पाथर आणि तांदुळजा ओळखून आणावा. पाथर नुसती भाकरीबरोबर कच्ची खावी. महिन्यातून एकदा विळी-विळे दगडावर घासावेत. आणि रोज, अगदी रोज, एक गाठ मारावी.

आता गाठीपाशी आलो, तर खरे ते सांगितले पाहिजे. सावली, विस्तव, भाजी हे सगळे मी पुढे हौसेने जोडत गेलो. दोराची गोष्ट हौसेची नाही.

जगात गाठी किती आहेत याची मोजदाद क्लिफर्ड अॅश्ली नावाच्या एका अमेरिकन माणसाने केली. १९४४ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात अडतीसशेहून अधिक नोंदी आहेत. आपल्या मराठीने मात्र त्या साऱ्यांची दोनच घरे केली आहेत. एक निरगाठ आणि दुसरी सुरगाठ. जी सुटता सुटत नाही ती निरगाठ. जी एका ओढीत सुटते ती सुरगाठ. दोन्हींत फरक एवढाच की शेवटच्या फेऱ्यात दोराचे टोक सबंध ओढून घ्यायचे नाही. ते दुमडून, त्याचा मुडपा आत सारायचा आणि शेपूट बाहेर ठेवायचे. पायजम्याची नाडी आपण सगळे रोज सुरगाठीने बांधतो, आणि घाईच्या वेळी तिची निरगाठ झाली म्हणजे काय प्रसंग ओढवतो, हे मी सांगायला नको.

१९६९ साली मी अकरा वर्षांचा होतो. शाळेत स्काउटचे पथक होते. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली मुलांसाठी पुस्तक लिहून सुरू केलेली ही चळवळ. आपल्याकडच्या निरनिराळ्या संघटना १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स या एका नावाखाली आल्या, आणि माझ्या गळ्यात तो रुमाल आला तेव्हा साऱ्या देशाची जबाबदारी आपल्यावर आहे असे मला वाटू लागले. रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी मी शिकलो होतो आणि दिवाळीच्या सुटीत आजोळी त्या दाखवायला अगदी उतावीळ झालो होतो. आजोळ सीनेच्या काठी, लांबोटीच्या अलीकडे.

वसुबारसेची संध्याकाळ होती. मामीने गाईच्या पायांवर पाणी घातले, गाय-वासराला ओवाळले, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी पुढे ठेवली. वासरू पिऊन झाल्यावर मामा म्हणाले, "बांध रं तेवढं खुट्याला." मी ज्या संधीची वाट पाहत होतो ती हीच. खुंट्याला क्लोव्ह हिच घातली. ती चांगली बसली होती. पण मला धीर निघेना. तिच्यावर एक निरगाठ मारली, मग आणखी एक, आणि खुंट्याला पाय लावून पुरता जोर करून आवळली. दोर अंबाडीचा. पूजेच्या पाण्याने भिजलेला. अंबाडी ओली झाली की फुगते आणि गाठ आपणहून आणखी आवळते, हे स्काउटच्या पुस्तकात नव्हते. किंवा असेल, मी वाचले नव्हते.

रात्री कोणाची तरी फुलबाजी कडब्याच्या गंजीवर पडली. कोणाची, ते अखेरपर्यंत कळले नाही. गंज गोठ्याला लागूनच होती. मी आरडाओरड्याने जागा झालो तेव्हा सारे अंगण पिवळे दिसत होते. मामा गोठ्यात शिरले होते. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. एका खुंट्यापाशी वाकायचे, एक ओढ, बैल मोकळा. दुसऱ्यापाशी वाकायचे, एक ओढ, गाय मोकळी. जनावरे धडाधड बाहेर पळत होती. मग ते शेवटच्या खुंट्यापाशी वाकले आणि वाकूनच राहिले.

ते किती वेळ तसे होते, मला सांगता येणार नाही. एका हाताने वासराची मान धरली होती, दुसऱ्या हाताची नखे गाठीत घालत होते. मामी "इळा, इळा" म्हणून ओरडत धावली. तिने विळा आत दिला, दोर तुटला, वासरू बाहेर आले. पण तेवढ्यात वरून जळती पेंढी मामांच्या उजव्या हातावर पडली होती.

वासराच्या शेपटीचे केस तेवढे जळले. मामांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट मात्र पुन्हा कधी सरळ झाले नाही.

घरात कोणी विचारले नाही की ती गाठ कोणी मारली होती. मीही सांगितले नाही. मामांनीच मला बांधायला सांगितले होते, तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवाळीत मला करंज्या गोड लागल्या नाहीत. सुटी संपण्याआधीच मी पोटदुखीचे निमित्त करून मोहोळला परत आलो.

पुढच्या दिवाळीत जायचे नाही असे मनाशी ठरवले होते. आईने ओढून नेले. दुसऱ्याच दिवशी मामांनी मला गोठ्यात हाक मारली. हातात दावे दिले आणि म्हणाले, "बांध." मी बांधले. म्हणाले, "सोड." मला लवकर सुटेना. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले. "तुला गाठ मारता येती रं," ते म्हणाले, "सोडता येत न्हाई. म्हंजी निम्मीच इद्या झाली." मग त्यांनी आपल्या हाताने दाखवले. दोन बोटे वाकलेली होती. त्यांनी तीन बोटांतच मुडपा धरला, आत सारला, शेपूट बाहेर काढले. "आता हिसडा दे." खुंट्याकडून मी कितीही ओढले तरी गाठ हलली नाही. "आता शेपूट वढ." एका ओढीत दोर माझ्या हातात आला. ते मला दिवसभर तेवढेच करायला लावीत होते. उजेडात, मग डोळे मिटून, मग एका हाताने.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. मामा खडी फोडायला दुष्काळी कामावर जात. त्या वाकड्या बोटांत हातोडीचा दांडा कसा धरीत असतील, याचा विचार माझ्या मनात यायचा आणि मी तो लगेच दुसरीकडे वळवायचा. १९९८ साली ते गेले. एकोणतीस वर्षांत मला "मामा, ती गाठ माझी होती" हे एक वाक्य बोलायला झाले नाही. दोर मात्र तेव्हापासून खिशात आहे. फेटेवाल्या गृहस्थांना हे सगळे स्टेशनच्या बाकावर कसे सांगणार?

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस, सीनेला पूर आला. आमच्या या नदीची ओळख कोरडी नदी अशीच. नगरकडून येते, कुडलला भीमेला मिळते, आणि वर्षातले कित्येक महिने तिच्या पात्रातून माणसे वाट काढतात. त्या आठवड्यात ती अशी आली की लांबोटीपाशी सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. रानेच्या राने पाण्याखाली गेली. मी मोहोळला गच्चीत उभा होतो. वीज नव्हती, मोबाइल मरत आला होता. सावली मोजणारा, ध्रुव शोधणारा, एका काडीत विस्तव करणारा मी, आणि माझ्या हाती करण्यासारखे काही नव्हते. साऱ्या विद्येनिशी माणूस किती निरुपयोगी असू शकतो, ते त्या रात्री मला कळले.

तिसऱ्या दिवशी आजोळच्या माणसांची खबर लागली. सगळी सुखरूप होती. आठवड्याने रस्ता मोकळा झाल्यावर मी गेलो. भिंतीवर छातीइतक्या उंचीला चिखलाची रेघ होती. कडबा कुजला होता, धान्याची पोती फुगली होती. पण जनावरे, अकराच्या अकरा, उंचावरच्या शाळेच्या आवारात रवंथ करीत उभी होती. मामेभाऊ त्या रात्री सोलापूरला अडकला होता. गोठ्यात शिरली ती त्याची सून. अंधार, गुडघाभर पाणी, बुजलेली जनावरे.

"भ्यायला झालं न्हाई का गं?" मी विचारले.

"झालं की, मामा," ती म्हणाली. "पण दावी सोडायला काय येळ लागतो? शेपूट हाताला लागलं की वढायचं." जणू काही वाळत घातलेले कपडे काढल्याची गोष्ट ती सांगत होती.

गेल्या दिवाळीला वसुबारसेला आम्ही सगळे तेथेच गेलो. थाटमाट नव्हता, घराला अजून ओलीचा वास येत होता. पण गाय होती, वासरू होते, गवारीची भाजी होती, आणि आम्ही नेलेला लांबोटीचा चिवडा होता. पुण्याची नऊ वर्षांची नात वासरापासून हलायला तयार नव्हती. ओवाळून झाल्यावर मामेभाऊ तिला म्हणाला, "बांध बरं बाळ त्याला खुट्याला."

मला एकदम घाम फुटला. मी पुढे झालो, तिच्याशेजारी बसलो आणि खिशातला दोर काढून तिला मुडपा दाखवू लागलो. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

आणि छप्पन्न वर्षे जे वाक्य निघाले नव्हते ते निघाले. मामेभावाकडे न पाहता मी सगळे सांगितले. क्लोव्ह हिच, तिच्यावरच्या दोन निरगाठी, ओला दोर, मामांचा हात. सांगून झाल्यावर गोठ्यात जरा वेळ कोणी बोलले नाही.

मग मामेभाऊ म्हणाला, "आम्हाला ठावं हाय की. आबांनीच सांगितलं व्हतं. म्हणायचे, पोराला बांध म्हणालो, पण आधी शिकवलं न्हाई, ती चूक माझी. तवापास्नं घरात येणाऱ्या हरेक माणसाला पैल्या दिवशी ही गाठ शिकवायची, असा त्यांचा दंडक. ही सून आली तवा हिला बी उंबऱ्यावरनं आधी गोठ्यात नेली व्हती आम्ही."

सून पदराआड हसली. "माप वलांडलं आन् दावं हातात दिलं मला."

मी काही बोललो नाही. बोलता आले नाही म्हटले तरी चालेल. माझ्या मुलाने मात्र पुढे येऊन आपल्या लेकीशेजारी बैठक मारली आणि म्हणाला, "मलाही दाखवा, बाबा. पुन्हा एकदा, हळू."

नातीने तोवर मुडपा आत सारला होता. तिने दोर आवळला आणि विचारले, "घट्ट मारायची ना, आजोबा?"

"घट्ट मार," मी म्हणालो. "शेपूट तेवढं बाहेर ठेव."